पाट नेऊन ठेवा, मग मातीची मूर्ती मागा

चार वर्षांपूर्वी चतुर्थीला गावी जाणं जमलं नाही, म्हणून ठाण्यातच गणपती आणला. एका स्टॉलवरून, 'शाडूची आहे' असं दोनदा विचारून. दीड दिवसाने उत्तरपूजा झाली, बाल्कनीत पिंपात विसर्जन केलं. सकाळी पाहतो तर मुकुट, सोंड, हातातला मोदक सगळं जसंच्या तसं. पाण्यावर फक्त रंगाचा तवंग. तिसऱ्या दिवशीही तेच. लेक विचारायला लागली, "बाबा, बाप्पा अजून गेला का नाही?" मला काही सांगता येईना.

प्लास्टर होतं, वरून मातकट रंगाचा हात मारलेला. स्टॉलवाल्याचा राग आलाच. पण मीही चतुर्थीला दोन दिवस उरले असताना गेलो होतो आणि मला मूर्ती गुळगुळीत, चकचकीत आणि एका हाताने उचलता येईल अशी हवी होती. माती अशी नसते.

आमच्या सिंधुदुर्गात गणपतीची 'शाळा' असते. तिथे मूर्ती विकत आणत नाहीत, आपल्या घरचा पाट नेऊन ठेवतात आणि त्या पाटावर गणपती घडतो. कोणाचा सिंहासनावरचा, कोणाचा नुसता बैठा, पिढ्यान् पिढ्या तोच आकार. लहानपणी मी श्रावणात शाळा सुटली की त्या दुसऱ्या शाळेत जाऊन बसायचो. आमचे मूर्तिकार आबा पावसाआधीच चिकणमाती आणून ठेवायचे. खडे वेचायचे, भिजवायची, मग लाकडी मोगरीने कुटायची. कुटताना त्यात कापूस पिंजून घालायचा, तो मातीला धरून ठेवतो. लोण्यासारखी झाली की मगच हात लावायचा.

खरी परीक्षा वाळण्याची. बाहेर धो धो पाऊस, हवेत ओल. मनगट, बोटं, सोंडेचं टोक आधी वाळतं आणि आकसतं, पोट मात्र आठवडाभर ओलंच. त्या ओढाताणीत नेमकी मनगटाला भेग पडते. मग आबा पातळ मातीत ब्रश बुडवून भेग भरायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे, पुन्हा भरायचे. मी एकदा म्हटलं, शेगडी लावूया का जवळ? म्हणाले, "मातयेक घाई चलणा नाय." शेगडीने वरची कातडी वाळली असती आणि आतली ओल फुटून बाहेर आली असती, हे मला फार उशिरा कळलं. डोळ्यांची आखणी अगदी शेवटी. त्या दिवशी शाळेत कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

आता हे सगळं प्लास्टरपुढे ठेवा. प्लास्टर काही मिनिटांत घट्ट होतं, एका साच्यातून दिवसात कितीतरी मूर्ती निघतात, हलकी असल्यामुळे ट्रकमध्ये रचता येतात. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या कारखान्यांतून मूर्ती परदेशातल्या मराठी घरांपर्यंत जातात. त्या कारागिरांना मी दोष देणार नाही. त्यांच्या हातात कसब आहे आणि घरं त्यावर चालतात. उंच, हलकं, स्वस्त आणि आयत्या वेळी हवं, हे आपण वर्षानुवर्षं मागितलं आणि त्यांनी ते दिलं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या घडवायला वाट दिली आणि सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात विसर्जित करायला सांगितल्या. तलाव असायलाच हवेत. पण माझा प्रश्न पाण्याच्याही आधीचा आहे. आपण ज्याची पूजा करतो त्याला 'पार्थिव गणेश' म्हणतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचा, मातीचा. मातीतून आला, आवाहन केलं, पाहुणचार झाला, मातीत परत गेला. आमच्याकडे विसर्जनानंतर रिकाम्या पाटावर नदीतली मूठभर वाळू घरी आणतात. जो विरघळतच नाही, त्याची वाळू कुठून आणायची?

गोव्यात सरकार मातीची मूर्ती घडवणाऱ्याला मूर्तीमागे अनुदान देतं. आपल्याकडेही ते व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण तोवर आपल्या हातात बरंच आहे. आषाढातच मूर्तिकाराकडे जा. थोडे पैसे आगाऊ द्या, मातीचा खर्च आधीच झालेला असतो. टीचभर उंचीची मूर्ती मागा. मुकुटावर हिऱ्यांचा आग्रह धरू नका. गेरू, हळद, काजळ, खडीचा पांढरा यात आपले आजे-पणजे तृप्त होते. आणि मनगटाजवळ भरलेल्या भेगेची पुसट रेघ दिसली, तर किंमत पाडून मागू नका.

यंदा नागपंचमीला रजा टाकून गावी गेलो, लेकीला घेऊन. पाट तिनेच डोक्यावर नेला. आबा आता थकलेत, मुलगा घडवतो, पण पाट अजून तेच घेतात. त्यांनी तो उलटा करून पाहिला, एक खिळा सैल होता तो ठोकला, मागे खडूने आमच्या घराचं नाव घातलं आणि भिंतीला लावून ठेवला. आमच्या आधी अकरा पाट लागले होते.