आधी टायर बघा हो!

जुनी, स्वस्तातली पहिली गाडी घेतली की जो तो सल्ला द्यायला टपलेलाच! अलॉयची चकचकीत चाकं लाव, सायलेन्सर बदल, मोठी स्क्रीन बसव. अरे, पण ब्रेकचं काय? ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग लांब उतारावर तापलं की पेडल मऊ पडतं, ब्रेक नीट लागत नाही, हे कुणीच का सांगत नाही? टायरवर नक्षी शिल्लक दिसली की सगळे खूश. बाजूचे चार आकडे वाचा की! २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. रबर कडक झालंय, भेगा पडल्यात, आणि पैसे चाललेत सीट कव्हरवर! टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह (झडपा) वेळेवर उघडणारा-मिटणारा पट्टा, शेवटचा कधी बदलला? विचारतंय कोण! तो तुटला तर कित्येक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. आणि वर मलाच ऐकवतात, ‘अजून साधी स्क्रीनसुद्धा नाही बसवलीस?’