इंदूरचा धर्मप्रांत ही भोपाळची शाखा नव्हे

आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतो आहे. त्यात म्हटलंय, इंदूरचं कॅथलिक चर्च ही भोपाळच्या आर्चबिशपची शाखा, इथले बिशप त्यांच्या हुकमाने चालतात आणि ही सगळी मांडणी इंग्रजांची. तिन्ही गोष्टी चूक आहेत.

आधी शाखेचं बघू. इंदूरला प्रीफेक्चर, म्हणजे धर्मप्रांताच्या (बिशपांच्या हद्दीच्या) आधीची पायरी, १९३५ मध्ये मिळालं. १९५२ मध्ये धर्मप्रांत झाला. भोपाळचा महाधर्मप्रांत, म्हणजे आर्चबिशपांचा धर्मप्रांत, १९६३ चा, आणि त्याच्या मुलुखाचा काही भाग इंदूरमधूनच काढून दिलेला. मग शाखा कोण कुणाची?

हुकमाचा गैरसमज जास्त पसरलेला आहे, कारण ‘आर्चबिशप’ ऐकलं की आपल्याला कमिशनर आणि कलेक्टर आठवतात. तसं ते नाही. आर्चबिशपांचा मान मोठा. पोपकडून त्यांना लोकरीची पांढरी पट्टी, पॅलियम, मिळते. श्रद्धा आणि शिस्त नीट पाळली जाते ना, यावर त्यांनी लक्ष ठेवायचं, गडबड दिसली तर रोमला कळवायचं. याखेरीज मोजकेच प्रसंग सोडले, तर दुसऱ्या धर्मप्रांताच्या कारभारात त्यांना अधिकार नाही, हे चर्चच्या कायद्यातच लिहिलंय. बिशप नेमतात पोप आणि बिशप जबाबदारही त्यांनाच. वसई १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळी झाली, तिथेही हाच नियम. आपल्याकडचं उदाहरण सिस्टर राणी मारिया या ननचं. २५ फेब्रुवारी १९९५ ला उदयनगरजवळ त्यांची हत्या झाली. ती बातमी वाचली तेव्हा झालेलं वाईट मला आजही आठवतं. त्यांना ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, द्यावी का याची स्थानिक चौकशी इंदूर धर्मप्रांताने केली, निर्णय रोमने दिला आणि ४ नोव्हेंबर २०१७ ला त्यांना ‘धन्य’ घोषित करण्याचा सोहळा इंदुरातच झाला.

राहिले इंग्रज. महूच्या छावणीत कॅथलिक सैनिक होते, हे खरं. पण १९३५ साली इंदुरात यशवंतराव होळकरांचं राज्य होतं आणि धर्मप्रांतांच्या सीमा लंडन नव्हे, रोम आखत असे. हा भाग आधी अजमेरच्या फ्रेंच कापुचिन (एक कॅथलिक संन्यासी संघ) फादरांकडे होता. पुढे तो एसव्हीडी या कॅथलिक मिशनरी संघाकडे आला. हा संघ आर्नोल्ड यान्सेन या जर्मन धर्मगुरूने १८७५ मध्ये हॉलंडात स्थापला. इंदूरचे पहिले बिशप फ्रान्स सिमॉन्स हेही इंग्रज नव्हे, डच. घोटाळा बहुधा इंदुरातल्या व्हाइट चर्चमुळे होत असावा. ते इंग्रजांच्या काळचंच, पण प्रोटेस्टंट, आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. कॅथलिकांचं कॅथेड्रल म्हणजे आपलं रेड चर्च.