संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

माझ्या पोराला लोकांनी भर उन्हात महाराज करून टाकलं, त्याचं मला एवढं काही नाही. पण महाराजांच्या बापाकडून रसाचे पैसे घेतले, ते अजून डाचतंय.

मे महिन्यात दर्यापूरकडची माणसं चिखलदऱ्याला पळतात, तसे आम्हीही निघालो होतो. अंजनगाव सुर्जी मागे पडलं आणि परतवाड्याच्या अलीकडे बसचं टायर बसलं. सगळी बस उतरून रस्त्याकडेच्या रसवंतीत.

पोरगा आठ वर्षांचा, ऑटिस्टिक. फिरतं चाक दिसलं की बाकी जग गेलं उडत. रसवंतीचं चाक म्हणजे तर त्याचं पंढरपूर. पण त्या चाकाला घुंगरं! वाजली की हा कानांवर हात दाबून किंचाळणार, आणि चाक थांबवलं की का थांबवलं म्हणून किंचाळणार. मी बायकोकडे पाहिलं, बायकोने माझ्याकडे. रसवंतीवाल्याने आम्हा दोघांकडेही न पाहता मशीन बंद केली, खांद्यावरचा दुपट्टा काढला, घुंगरांभोवती वेढे देऊन करकचून गाठ मारली आणि मशीन पुन्हा चालू केली. एक शब्द विचारला नाही. घुंगरं मुकी झाली की रस्त्यावरचं गिऱ्हाईक वळत नाही, हे काय त्याला मी सांगायचं?

खरं तर एवढ्यावर भागलं असतं. पण बाकावर एक आबाजी होते.

"काऊन जी, लेकरू बोलत नाही का?"

"कमी बोलतो."

आबाजींनी वेखंड सुचवलं, मधात उगाळून. मग राघूनं उष्टावलेलं फळ. लेकरू असं आहे म्हटल्यावर औषध सांगणं हा आपल्याकडे पाहुणचाराचाच भाग. आधी पाणी विचारायचं की आधी वेखंड, एवढाच काय तो फरक. पण आबाजी नुसते सांगून थांबणारे नव्हते. त्यांनी एका पोट्ट्याला खरंच आंब्याच्या झाडांकडे पिटाळलं, "जाय रे, चोच मारलेली कैरी पाय!"

तेवढ्यात पोरगा, चाकावरची नजर न काढता, खणखणीत आवाजात म्हणाला, "संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

बसमध्ये लिहिलेलं असतं ते. बसमधलं सगळंच त्याला पाठ आहे. आबाजींचा ग्लास मात्र ओठाशीच थांबला.

"काय म्हनलं?"

"संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

आबाजींनी टोपी काढली. शेगावच्या महाराजांच्या तोंडी कायम 'गण गण गणात बोते' असायचं, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे अर्थ लागत नाही अशा बोलण्याला आमच्या मुलखात भलताच मान.

"कोनता मार्ग, म्हाराज?"

"मार्ग म्हाराज."

"पायलं? मार्गच म्हाराज हाये म्हनते!"

ऐकलेल्या वाक्याचं शेपूट परत म्हणायची त्याला सवय आहे. मी उठून समजावायला लागलो, की हे ऑटिझममध्ये असतं, १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी अशा ११ मुलांबद्दल लिहिलं, त्यातही...

"तुमी जराक चूप बसा ना जी," वांग्याचं टोपलं घेतलेल्या एक बाई मलाच म्हणाल्या, "थे सांगून रायले ना!" आणि पोरापुढे वाकल्या, "माया पोरीचं औंदा जमते का जी?"

"जमते का जी."

"जमते म्हनते, माय!" बाईंचा पदर डोळ्यांना.

मग एक शेतकरी पुढे झाला. "औंदा कपाशी लावू का सोयाबीन?"

"सोयाबीन."

"अहो, उलटं विचारून पाहा!" मी ओरडलो. "सोयाबीन का कपाशी असं विचारा, कपाशी म्हणेल!"

"देवाले दोनदा नाही विचारत, भाऊ."

यात पोरगा मात्र मजेत होता. लग्नाबारशात त्याचे गाल ओढणाऱ्या मावश्यांना आवरता आवरता आमचा घाम निघतो. इथे जो तो दोन हात लांबून नमस्कार करत होता. कुणी अंगाला हात लावला नाही, कुणी चाकाच्या आड आलं नाही. बाकाचं टोक त्याच्यासाठी आपोआप रिकामं झालं.

एका शाळेने असंच बाकाचं टोक द्यायला नकार दिला होता. 'इतर पालकांच्या तक्रारी आहेत' म्हणे. आम्ही २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा छापून नेला, त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे तिथे पेन्सिलीने रेघ मारून. बाईंनी कागद उलटा ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला. स्पीच थेरपीला जायचं तर अमरावती, म्हणजे दिवस गेला आणि दिवसाची कमाईही. कागदपत्रांसहित माणूस म्हणून गेलं तर जागा नाही, आणि देव म्हणून गेलं तर सावलीतली जागा, वर बर्फ न घातलेला रस. काय बोलायचं?

कैरी आली. खरंच चोच मारलेली. पण आता महाराजांना औषध कसं द्यायचं, या पेचात आबाजी पडले. थोडा विचार करून त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुमीच खा. लय बोलता, पन समजत काईच नाही."

मीठ लावून खाल्ली. पोराच्या ग्लासाचे पैसे रसवंतीवाल्याने घेतले नाहीत. आमच्या दोघांचे घेतले, आणि सुट्टे मागितले.

काल त्या टोपलंवाल्या बाईंचा फोन आला. नंबर अर्थातच बायकोने दिलेला. पाहुणे येऊन गेले, पोरगी पसंत आहे, पण मोटारसायकल मागून रायले. द्या का नको द्या, तेवढं बाबूले विचारू द्या म्हणाल्या. बायको मला डोळ्यांनी 'नको' म्हणत होती. मी पोराच्या कानाशी फोन धरला आणि बाईंना म्हणालो, "विचारा. फक्त 'नको द्या' शेवटी ठेवा."