‘कामगारांना काय विचारायचं?’ या समजाचा प्रतिवाद

कारखान्यात नवी यंत्रणा, नवे स्क्रीन किंवा नवे फलक आणायचं ठरलं की एक युक्तिवाद हमखास फिरायला लागतो. व्यवस्थापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, लिंक्डइनवर, सल्लागारांच्या सादरीकरणात तो थोड्याफार फरकाने सारखाच असतो. डिझाइन हे तज्ज्ञांचं काम; कामगारांना आपल्याला काय हवंय तेच सांगता येत नाही; चांगलं चित्र कुणालाही आपोआप कळतं; कामगारांचा बदलाला मुळातूनच विरोध असतो; प्रत्येकाचं ऐकलं तर एकसारखेपणा राहत नाही; आणि एवढा वेळ कुणाला आहे? शेवटी ठसका म्हणून मोटारगाड्यांचा कारखानदार हेन्री फोर्ड याचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य येतं: लोकांना विचारलं असतं तर त्यांनी जास्त वेगाने पळणारे घोडे मागितले असते.

मला हा युक्तिवाद चुकीचा वाटतो आणि त्याचे परिणाम रोज कुणाच्या तरी मानेला, डोळ्यांना, बोटांना भोगावे लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

घोड्यांचा मुद्दा आधी संपवू. फोर्ड असं बोलल्याचा किंवा त्याने असं लिहिल्याचा त्याच्या हयातीतला एकही पुरावा सापडलेला नाही. त्याच्या कारखान्यात काय घडलं याची नोंद मात्र आहे. १९१३ साली अमेरिकेतल्या हायलंड पार्कच्या त्याच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन आली, म्हणजे जोडायची गाडीच कामगारांपुढून सरकत जायला लागली. त्या वर्षी तिथली कामगारांची गळती ३७० टक्के होती. म्हणजे एक जागा भरलेली ठेवायला वर्षभरात तीन-चार माणसं भरती करावी लागत होती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोजचा मोबदला पाच डॉलरवर नेला, तो या पार्श्वभूमीवर. शिवाय ते घोड्यांचं वाक्य गिऱ्हाइकाबद्दल आहे. गिऱ्हाइकाला वस्तू आवडली नाही तर तो घेत नाही. ऑपरेटरला स्क्रीन आवडला नाही तरी आठ तास त्याच्याचसमोर उभं राहावं लागतं.

‘कामगारांना काय हवंय ते सांगता येत नाही.’

यात अर्धं सत्य आहे. मीटिंग रूममध्ये बसवून, कोरा फॉर्म पुढे करून ‘नव्या यंत्रणेत तुम्हाला काय हवं?’ असं विचारलं तर बहुतेक जण गप्प बसतील, किंवा ‘चांगली असली म्हणजे झालं’ म्हणतील. पण यात दोष विचारण्याच्या पद्धतीचा आहे. हाताने वर्षानुवर्षं केलेल्या कामातलं ज्ञान शब्दांत साठवलेलं नसतं. मशीनचा आवाज बदलला की टूल झिजलंय हे ज्याला उभ्या-उभ्या कळतं, त्याला ते कसं कळतं हे सांगता येईलच असं नाही. ते ज्ञान बाहेर काढायचं तर त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

हे स्कँडिनेव्हियात चार दशकांपूर्वी करून दाखवलं गेलंय. वृत्तपत्रांची पानं लावण्याचं काम संगणकावर जाणार हे दिसायला लागलं, तेव्हा नॉर्डिक देशांतल्या छपाई कामगारांच्या संघटनेने संशोधकांना बरोबर घेऊन १९८१ ते १९८५ या काळात ‘यूटोपिया’ नावाचा प्रकल्प चालवला. संशोधकांनी सुरुवात नेहमीसारखीच केली: प्रणालीची वर्णनं, चौकटी, बाण. कामगारांना त्यातून फारसं काही उमगेना. मग त्यांनी लाकूड, पुठ्ठा आणि कागद घेऊन कामाची खोटी जागा उभी केली. स्क्रीनच्या जागी हाताने बदलायचे कागद, लेझर प्रिंटरच्या जागी एक रिकामा खोका. पान लावणारे कामगार त्या टेबलाशी बसून आपलं काम करून दाखवायला लागले आणि तिथून खरी चर्चा सुरू झाली. कारण आता बोलायचं होतं ते समोर असलेल्या वस्तूबद्दल, आपल्याच कामाच्या भाषेत.

हा प्रयोग कुठल्याही शॉप फ्लोअरवर एका दुपारी करता येतो. टॅब्लेटच्या मापाचा पुठ्ठा कापा, त्यावर स्क्रीनचं प्रिंट चिकटवा, तो स्टेशनवर, म्हणजे ऑपरेटरच्या कामाच्या जागी, जिथे लावायचं ठरलंय तिथे टेपने लावा. मग ऑपरेटरला नेहमीचे ग्लोव्हज घालून, नेहमीचा पार्ट घेऊन कामाची अख्खी फेरी करायला सांगा. ‘पार्ट ओके’ दाबायच्या क्षणी दोन्ही हात भरलेले असतात, हे तेव्हाच दिसतं. ग्लोव्हज तेलकट असतात, म्हणजे प्रत्येक वेळी ते काढायचे, दाबायचं, परत घालायचे. ज्या खांबावर स्क्रीन लावायचाय त्याच्यापुढे मटेरियलची ट्रॉली येऊन थांबते. दुसऱ्या शिफ्टला खिडकीतलं ऊन नेमकं त्याच काचेवर पडतं. पार्ट नाकारण्याच्या (रिजेक्शनच्या) कारणांची यादी वर्णानुक्रमे लावलेली आहे आणि रोज लागणारं कारण सगळ्यात खाली आहे, तिथवर स्क्रोल करावं लागतं. मग माणूस काय करतो? यादीतलं पहिलं कारण दाबून मोकळा होतो. महिनाअखेरीला त्याच आकड्यांवर गुणवत्तेची बैठक भरते. यातलं काहीही खरेदीच्या स्पेसिफिकेशनमध्ये सापडणार नाही.

‘चांगलं चित्र कुणालाही कळतं.’

या दाव्याबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण फलक, चिन्हं आणि फोटोंच्या कामसूचना यांच्याकडे सजावट म्हणून पाहिलं जातं. चिन्हांची मानकं तयार करणाऱ्यांचा ‘आपोआप कळण्या’वर विश्वास नाही. लोकांना दाखवून, ‘याचा अर्थ काय?’ असं विचारून चिन्ह कसं तपासायचं, यासाठी आयएसओ ९१८६ हे वेगळं मानकच आहे. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५.३ या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात कसोटी आकड्यांत दिली आहे: चिन्हाचा अर्थ किमान ८५ टक्के लोकांना बरोबर सांगता आला पाहिजे आणि घातक गैरसमज, म्हणजे अभिप्रेत अर्थाच्या नेमका उलट अर्थ घेणारे, ५ टक्क्यांहून जास्त नसावेत. ही दुसरी अट मला जास्त महत्त्वाची वाटते. ‘इथे हात घालू नका’ हे चित्र न कळणं एक वेळ चालेल, पण ‘इथे हात घाला’ असं कळलं तर बोट जातं.

किरणोत्साराचं तीन पात्यांचं चिन्ह जगभर वापरलं जातं. ते शिकवल्याशिवाय कळत नाही. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोइयानियात बंद पडलेल्या दवाखान्यातलं उपचार-यंत्र काही जणांनी नेऊन फोडलं. आतल्या सीझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थामुळे चार जणांचा जीव गेला. किरणोत्साराचे असे अपघात होत राहिल्यावर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ११ देशांतल्या लोकांवर तपासून जास्तीचं नवं चिन्ह तयार करून घेतलं आणि २००७ मध्ये ते जाहीर झालं. त्यात किरणं आहेत, कवटी आहे आणि लांब पळणारा माणूस आहे. तज्ज्ञांच्या मताने काम भागणार असतं तर एवढ्या देशांत फिरायची गरज नव्हती.

दिव्यांचंही तेच. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखं दाखवत होता. तो दिवा मुळात व्हॉल्व्हची स्थिती दाखवतच नव्हता. व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश गेला, एवढंच दाखवत होता. ज्याने दिवा बसवला त्याच्या मनात एक अर्थ होता, जो बघत होता त्याच्या मनात दुसरा. दोन तासांहून जास्त वेळ अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी त्या व्हॉल्व्हमधून निघून जात राहिलं. या दिव्याचा अर्थ तुम्ही काय लावाल, हा प्रश्न तिथे शिफ्ट करणाऱ्यांना आधी विचारायला हवा होता.

आता नेहमीच्या असेंब्ली स्टेशनकडे या. कामसूचनेतला फोटो बहुतेक वेळा समोरून काढलेला असतो, कारण फोटो काढणाऱ्याला उभं राहायला तिथेच जागा असते. ऑपरेटर पलीकडच्या बाजूला. त्याला दिसणाऱ्या पार्टचं डावं-उजवं फोटोत उलटं. अनुभवी माणूस मनातल्या मनात ते फिरवून घेतो, नवा हेल्पर वायर उलटी लावतो आणि दुरुस्तीच्या (रीवर्कच्या) खात्यात ‘मानवी चूक’ अशी नोंद होते. फोटो ऑपरेटरच्या खांद्यावरून काढायचा, एवढाच उपाय. तो सुचतो त्यालाच, जो त्या बाजूला उभा असतो. काम ठीक चाललंय की नाही हे लाल-हिरव्या रंगाने दाखवणाऱ्या बोर्डांबद्दलही एक वास्तव लक्षात ठेवावं: युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्यातला फरक नीट ओळखता येत नाही, आणि इतर वंशांतही असे पुरुष आहेतच. नुसत्या रंगावर बोर्ड चालवायचा तर लाइनवरच्या अशा माणसाला तो वाचता येतो का, हे कधीतरी पाहिलंय का?

‘कामगारांचा बदलालाच विरोध असतो.’

व्हर्जिनियातल्या हारवुड या पायजम्यांच्या कारखान्यात १९४० च्या दशकात नेमका हाच प्रश्न तपासला गेला. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. बदल किरकोळ वाटावा असा होता. एक गट हाताने इस्त्री करणाऱ्यांचा. आधी ते अर्ध्या डझन कपड्यांची चळत पुठ्ठ्यावर रचत, आता ती खोक्यात रचायची. या गटाला बदलाचं कारण सांगितलं, नगामागे मिळणारा नवा दर सांगितला, ठरवण्यात मात्र भाग दिला नाही. त्यांचं उत्पादन घसरलं ते सावरलं नाही आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के जण काम सोडून गेले. ज्या गटांनी सगळ्यांनी मिळून नवी पद्धत आखली, ते लवकर सावरून आधीच्याही पुढे गेले. गट लहान होते, हे खरं. पण पुढचा भाग बघा: अडीच महिन्यांनी पहिल्या गटातल्याच उरलेल्या लोकांना दुसऱ्या कामावर हलवलं, या वेळी आखणीत सामील करून. तीच माणसं झपाट्याने सावरली. विरोध त्यांच्या स्वभावात असता तर तो दुसऱ्या वेळीही दिसला असता.

हारवुडची दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉर्वेतल्या बुटांच्या कारखान्यात असाच प्रयोग झाला, १९६० मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि उत्पादनात फरक दिसला नाही. तिथे कामगारांच्या हाती दिलेले निर्णय मोजके होते आणि उत्पादनाशी त्यांचा संबंध बेताचाच होता. ऑर्डर गेल्यानंतर ‘कव्हरचा रंग कुठला हवा?’ असं विचारणारे यातून काही शिकले तर बरं.

‘प्रत्येकाचं ऐकलं तर एकसारखेपणा राहत नाही.’

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तो ‘नम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, बहुतेक जुनेच कामगार आणि तीच युनियन घेऊन. तिथली कामाची पद्धत कमालीची काटेकोर होती, सेकंदांत मोजलेली. पण स्टॉपवॉच होतं टीममधल्या कामगारांच्याच हातात. तेच एकमेकांची वेळ मोजत, पद्धतींची तुलना करत, सुरक्षित आणि सोयीची पद्धत ठरवून लिहून काढत. मग सगळ्या शिफ्ट तीच पाळत. १९८६ संपेपर्यंत तिथली उत्पादकता जनरल मोटर्सच्या इतर सर्व कारखान्यांच्या वर गेली होती. कामाचा वेग फार आहे अशी टीकाही तिथे झाली आणि ती रास्त होती. पण कामगारांनी लिहिलेली पद्धत ढिली असते, असं त्या कारखान्याकडे बघून म्हणता येणार नाही.

‘कोणतं तंत्रज्ञान घ्यायचं हा कामगारांचा विषय नाही.’

जर्मनीत तो कायद्यानेच त्यांचा विषय आहे. १९७२ च्या कायद्यातलं कलम ८७ सांगतं की कामगारांच्या वर्तनावर किंवा कामगिरीवर नजर ठेवू शकणारं तांत्रिक साधन आणताना कामगार समितीची सहमती लागते. कॅमेरे आणि सेन्सर आता प्रत्येक स्टेशनवर येताहेत, त्यामुळे हे कलम आज जास्तच कामाचं आहे. आणि कल्पनांचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या लुकास एरोस्पेसची गोष्ट आहे. नोकरकपात समोर दिसत असताना तिथल्या कामगार प्रतिनिधींनी आधी बाहेरच्या तज्ज्ञांना आणि संस्थांना पत्रं लिहिली. उत्तरं बोटांवर मोजण्याइतकी आली. मग त्यांनी आपल्याच सभासदांना विचारलं: तुमच्याकडे कोणती यंत्रं आहेत, कोणती कौशल्यं आहेत, त्यांतून काय बनवता येईल? त्यातून १९७६ मध्ये सुमारे १५० उत्पादनांची योजना उभी राहिली, उष्मापंपांसकट. कंपनीने ती नाकारली.

राहिला वेळेचा मुद्दा. वेळ जातो हे खरंच आहे. पण तो बसवण्याआधी घालवायचा की बसवल्यानंतर यंत्रणेला वळसा घालणाऱ्या युक्त्या, टेपचे तुकडे आणि मार्करच्या रेघा यांत घालवायचा, एवढाच पर्याय असतो. ज्या मशीनवर ऑपरेटरने स्वतः चिकटवलेल्या चिठ्ठ्या दिसतात, तिथे डिझाइनचं उरलेलं काम त्याने फुकटात पूर्ण केलेलं असतं. हेच काम त्याच्याकडून आधी, पगारी वेळेत करून घ्या. जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट सुटल्यावर नको. रात्रपाळीला आणि कंत्राटी कामगारांना वगळू नका, कारण फलक सगळ्यात जास्त लागतात ते नव्या माणसाला आणि झोपेने जड झालेल्या डोळ्यांना. मेंटेनन्सवाल्यांना बोलवा, पॅनल उघडायला जागा आहे का, हे तेच सांगतील. खरेदीची ऑर्डर निघण्याआधी विचारा. आणि जी सूचना घेणार नसाल, तिच्याबद्दल सुचवणाऱ्याला कारण सांगा, त्याच्या स्टेशनवर जाऊन.