बाटलीला सुतळी गुंडाळणं पुरे, लगदा भिजवा

सुट्टी लागली की 'टाकाऊतून टिकाऊ'ची लाट येते. काचेची बाटली, तिला सुतळी, वर फेविकॉल, चमकी, झालंच तर प्लास्टिकची फुलं. माझ्या मते हा कचरा कमी करणं नव्हे, वाढवणं आहे. साधी बाटली भंगारवाला नेतो, चमकी चिकटवलेलीला तो हात लावत नाही. शिवाय तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे बालवाडीतलं काम वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

या वयाच्या मुलांना असं काम द्या जे फसू शकतं, आणि का फसलं ते शोधता येतं. कागदाच्या लगद्याची परडी त्यासाठी उत्तम. पूर्वी घरोघरी लगद्यात मेथ्या वाटून घालत आणि सुपं, टोपल्या लिंपत. मेथी भिजली की बुळबुळीत, चिकट होते आणि वाळल्यावर घट्ट धरते. कडू असल्यामुळे कीडही दूर राहते, असं जुन्या बायका सांगतात.

दोन परड्यांसाठी अर्धा किलो कोरडा कागद घ्या. वर्तमानपत्र किंवा अंड्यांचे ट्रे. ट्रे मुळात लगद्याचेच असल्यामुळे एका रात्रीत विरघळतात, वर्तमानपत्राला दोन रात्री लागतात, वह्यांच्या पानांना तीन. वह्यांच्या पिना आधी काढा. मासिकांचा गुळगुळीत कागद नको, त्याचे चट्टे तसेच राहतात. दुकानातली गुळगुळीत बिलंही नकोत, त्यांच्यावर रसायनाचा थर असतो. कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू मोकळे होतात आणि एकमेकांत अडकतात.

जुन्या मिक्सरमध्ये एका वेळी मूठभर कागद, तीन कप पाणी, दहा-पंधरा सेकंद. पाणी कमी पडलं की मोटर तापते आणि जळका वास येतो. मग पंच्यात घालून पिळायचं. पिळलेला लगदा वजनकाट्यावर ठेवा, दोन किलोच्या वर भरला तर अजून पिळा. रात्रभर भिजवलेली शंभर ग्रॅम मेथी बारीक वाटून त्यात घाला. जोडीला खळ: चार चमचे मैदा कपभर गार पाण्यात कालवून दोन कप उकळत्या पाण्यात ओतायचा आणि घट्ट होईतो ढवळायचं. सगळी ओतू नका, लगदा कणकेसारखा मळला जाईल इतकीच. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विषारी, मुलांच्या हातात नकोच.

आता खरी गंमत. वाळताना लगदा आकसतो. पातेलं उपडं घालून वरून थापला तर आकसणारा लगदा पातेल्याला आवळतो आणि तडकतो. घमेल्यात आतून थापला तर आकसून आपोआप सुटतो. हे आधी सांगून टाकू नका! एक परडी बाहेरून, एक आतून थापायला लावा. साचा आणि लगदा यांच्यामध्ये ओलं सुती फडकं हवं. जाडी सगळीकडे सहा-सात मिलिमीटर. नवखे हात तळ जाड करतात आणि काठ पातळ, मग काठ आधी वाळून वाकडा होतो.

पहिला दिवस वाऱ्याला, सावलीत. थेट कडक उन्हात ठेवलं तर वरची साल वाळते, आत ओल राहते आणि भेगा पडतात. दुसऱ्या दिवसापासून ऊन द्या, चौथ्या-पाचव्या दिवशी परडी तयार. वाळली की नाही हे डोळ्यांना कळत नाही, गालाला लावली तर कळतं, गार लागली म्हणजे ओली. रोज वजन लिहून ठेवणं त्याहून पक्कं. लागोपाठ दोन दिवस वजन उतरलं नाही की झालं. मुलं हे आवडीने करतात, मोबाईलवर तक्ताही बनवतात. रंगवायच्या घाईतच बहुतेक परड्या मरतात: ओल्यावर रंग दिला की आठवड्याभरात काळे ठिपके आणि कुबट वास. म्हणून हे काम एप्रिल-मेमधलं. पावसाळ्यात हात घालूच नका.

वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने कडा घासा, नाकाला रुमाल बांधून. रंग म्हणून गेरू आणि खडूची भुकटी, दोन्ही पातळ खळीत कालवून. डिझाइन मुलांवर सोडा, नेटवरची तयार वारली माणसं प्रत्येक परडीवर नाचायलाच हवीत असं नाही.

व्हार्निश मारू नये, या मताचा मी आहे. टिकतं जास्त, हे खरं. पण बिनव्हार्निशची परडी मोडली तर तुकडे पुन्हा भिजवून नवी थापता येते. किल्ल्या, चार्जर, लसूण, सुकी फुलं असं काहीही ठेवा, फक्त ओल्या ओट्यावर ठेवू नका.