बेताचा पगार आणि बेताचे घर

लहान गावात घरे स्वस्त असतात, हे मोठ्या शहरात राहणाऱ्यांचे लाडके मत आहे. लहान गावात जो घर बांधतो तो स्वतः राहायला किंवा विकायला बांधतो, आणि भाड्याची म्हणून जी मोजकी घरे उरतात, त्यांतले भाडेकरू सहसा हलत नाहीत, कारण परवडणारे दुसरे घर त्यांनाही मिळालेले नसते. चुकून एखादे रिकामे झालेच, तर पाटी रंगवून होण्याआधी ते कुणाच्या तरी भाच्याला गेलेले असते. मी कुणाचाच भाचा नाही.

प्रथम मी सवलतीच्या घरांसाठी अर्ज केला. खिडकीमागच्या बाईंनी पगारपत्रक पाहून, माझे उत्पन्न मर्यादेपेक्षा किंचित जास्त असल्याचे सांगितले. माझा पगार कुणाला जास्त वाटण्याची आयुष्यातील ही पहिलीच वेळ असल्याने अंगावर मूठभर मांस चढले. दुपारी तेच पगारपत्रक एका घरमालकांना दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद उजेडात धरला आणि मागची बाजूही पाहिली. उरलेला पगार तिकडे छापला असेल, अशी त्यांना आशा असावी. भाड्याच्या तिप्पट उत्पन्न असल्याशिवाय ते घर देत नसत. म्हणजे सकाळी मी पुरेसा गरीब नव्हतो आणि दुपारी पुरेसा श्रीमंत नव्हतो. मधल्या वेळात माझ्या सांपत्तिक स्थितीत पडलेला फरक एका झेरॉक्सच्या किमतीएवढा होता.

अमेरिकेत सरकारी घरांचे भाडे उत्पन्नाच्या २५ टक्क्यांपुरते मर्यादित ठेवण्याचा कायदा १९६९ साली झाला आणि १९८१ मध्ये ती मर्यादा ३० टक्क्यांवर गेली. घरमालकांची तिप्पट आणि हे ३० टक्के, हिशेब जवळपास एकच आहे. फक्त एकात भाडे कमी करतात आणि दुसऱ्यात भाडेकरू.

माझ्या ३० टक्क्यांत बसणारी खोली अखेर चौथ्या महिन्यात दिसली. मालकांच्या मते ती हवेशीर होती, आणि खिडकीची एक काच नसल्याने त्यात खोटे काही नव्हते. भिंतीवर गेल्या वर्षीचे कॅलेंडर जून महिन्यावर थांबले होते. मी सहज पान उलटायला गेलो, तर पुढचे महिने ओलीने भिंतीला चिकटलेले निघाले. “ते राहू द्या,” मालक घाईने म्हणाले, “भिंतीला आधार आहे.” विचार करून कळवतो, असे सांगून मी जिना उतरलो, तर खाली एक गृहस्थ हातात पगारपत्रक घेऊन उभे होते आणि वर पाहत होते. मी दोन-दोन पायऱ्या ओलांडत परत गेलो आणि अनामत रक्कम मोजली.

त्या खोलीत अजून जूनच चालू आहे.