आजोबांचे घड्याळ अस्सल की फेरफार केलेले : एक खुलासा

मागच्या झाकणावर कंपनीचे नाव व क्रमांक असला आणि तबकडी चकचकीत असली, की जुने एचएमटी घड्याळ मूळ स्वरूपातलेच समजावे, असा संदेश सध्या जळगाव-धुळे परिसरात फिरत आहे. तो चुकीचा आहे. झाकण दुसऱ्या घड्याळाचेही बसवता येते. आणि कित्येक वर्षे घाम व खानदेशी उन्हाळा सोसलेली तबकडी कोरी करकरीत दिसली, तर ती पुन्हा रंगवलेली असल्याची शंका आधी घ्यावी.

एचएमटीने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळनिर्मिती सुरू केली. कारखान्यातील छपाई भिंगाखाली बारीक व रेखीव दिसते. नंतर रंगवलेल्या तबकडीवर बहुधा अक्षरे फुगलेली आणि मिनिटांच्या खुणा असमान असतात. तबकडीवर ‘ऑटोमॅटिक’ असे लिहिलेले असून आत हाताच्या हालचालीने फिरून घड्याळाला आपोआप चावी देणारे अर्धवर्तुळाकार वजनच नसेल, तर फेरफाराचा आणखी पुरावा शोधायला नको. मात्र काच, चावी किंवा पट्टा बदललेला असणे ही साधी दुरुस्ती आहे, त्याला बनावट म्हणणे अन्यायाचे होईल. झाकण घड्याळजीकडूनच उघडून घ्यावे. घरातल्या सुरीने नव्हे.